1950 च्या दशकातली डिंकी घ्यावी की कॉर्गी?

दोन्ही ब्रिटिश कंपन्यांच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या, दोन्ही झिंकच्या मिश्रधातूच्या, आकारातही फारसा फरक नाही. 1956 मध्ये कॉर्गी बाजारात आली तीच प्लॅस्टिकच्या काचा लावून. डिंकीच्या खिडक्यांना त्या मिळाल्या 1958 च्या ऑस्टिन ए105 पासून. 1959 मध्ये कॉर्गीने स्प्रिंगचं सस्पेन्शनही दिलं. शेल्फवर शेजारी ठेवल्या तर कॉर्गीच उजवी दिसते, हे मान्य.

घोडं अडतं ते दुरुस्तीत. कॉर्गीच्या काचेला आतून धूळ धरते, काच सैल होऊन खुळखुळते, सस्पेन्शन बसतं. यातलं काहीही ठीक करायचं तर बेस म्हणजे तळाचा पत्रा उघडावा लागतो आणि तो रिव्हेटने, म्हणजे बॉडीच्या आतल्या खांबाचं टोक पसरवून, बंद असतो. रिव्हेटच्या मधोमध पंच मारायचा, 4 मिमी ड्रिलने फक्त डोकं खरवडायचं, बेस हलला की थांबायचं. बंद करताना खांबात 1.6 मिमीचं भोक, एम2 चा (2 मिमी स्क्रूचा) आटा आणि छोटा स्क्रू. ड्रिल जरा तिरकं गेलं की खांब फुटतो, कारण ओतीव धातू ठिसूळ. एवढं करून, उघडलेली गाडी विकताना तसं सांगावं लागतं आणि भाव पडतो तो पडतोच.

बिनकाचेच्या डिंकीत ही कटकट नाही. खिडकीतून मऊ ब्रश घालून कोमट साबणपाण्याने आतून धुता येते. लगेच वाळवा, नाहीतर अ‍ॅक्सल गंजतात. जाहिरातीचे ट्रान्सफर (चिकटवलेली छापील चित्रं) असलेल्या व्हॅनला मात्र पाणी नको. कडक झालेले टायर बेस न उघडता निघतात: रिम मोजून नवे घ्या, मिनिटभर गरम पाण्यात ठेवा, बोटांनी चढवा. जुने टायर फेकू नका, पुडीत घालून गाडीसोबत ठेवा.

डिंकीत सांभाळायचं ते रिपेंटपासून, म्हणजे नंतर कुणी पुन्हा रंगवलेल्या गाडीपासून. कारखान्यात रंग आधी आणि रिव्हेट नंतर, त्यामुळे रिव्हेटचं टोक उघड्या धातूचं असतं. तिथेही रंग दिसला तर विक्रेत्याला विचारा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी, निदान संग्रहाच्या सुरुवातीला तरी, टाळलेल्या बऱ्या: मिश्रधातूत शिसं शिरल्याने बॉडी फुगते, तडकते, आणि त्यावर इलाज नाही.

बाँडची 1965 ची सोनेरी अ‍ॅस्टन मार्टिन हवी असेल तर अर्थात कॉर्गीच. घेताना छतातून उडणारा माणूस आहे ना ते बघा, आणि काच आतून स्वच्छ असलेलीच उचला.