नानांचं टॅपवालं डेबिट कार्ड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमचे नाना ७६ वर्षांचे, पुण्यात आमच्याकडेच असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि उजवा हात थरथरतो, त्यामुळे फोनवरचं यूपीआय त्यांना जमलंच नाही. आम्ही दोन महिने रोज शिकवत होतो हो, पण स्कॅन करताना हात हलतो, पिन टाकताना भलताच आकडा दाबला जातो आणि मागे लाइन लागलेली. एकदा मागून कुणीतरी "आजोबा, आटपा लवकर" म्हणालं आणि त्या दिवसापासून नानांनी दुकानात जाणंच सोडलं. दाढीचं ब्लेड हवं असलं तरी मला सांगायचे. मला ते बघवत नव्हतं.

पेन्शनच्या खात्याचं कार्ड कपाटात पडूनच होतं, त्यावर वायफायसारखी आडवी खूण, म्हणजे टॅप चालणारं. पण नवीन कार्डावर टॅप आणि ऑनलाइन दोन्ही बंद असतं, रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे तो, आपल्याला हवं ते आपणच चालू करायचं. मी फक्त टॅप चालू केलं, ऑनलाइन बंदच ठेवलं. ५००० पर्यंत पिन लागत नाही, मशीनला कार्ड टेकवायचं की झालं. थरथरत्या हाताला एवढं जमतं!! पहिल्या दिवशी मेडिकलमधून स्वतःच्या बीपीच्या गोळ्या स्वतः घेऊन आले आणि पिशवी टेबलावर ठेवून माझ्याकडे नुसते बघत राहिले. तो चेहरा मी विसरणार नाही.

आता त्रास कुठे झाला ते. तिसऱ्या महिन्यात एका दुकानात ४८५ च्या जागी ४८५० टाकले गेले, नानांना स्क्रीनवरचा बारीक आकडा दिसला नाही, टॅप केलं, पैसे गेले. खात्याला माझा नंबर जोडलेला असल्यामुळे मेसेज मला आला, मी लगेच फोन केला आणि दुकानदाराने मशीनवरच व्यवहार रद्द केला, भला माणूस. दुसऱ्या दिवसावर गेलं असतं तर जास्त धावपळ झाली असती. त्याच रात्री अ‍ॅपमध्ये जाऊन टॅपची मर्यादा १००० वर आणली, हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कार्ड देणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करा. दुसरी सवय लावली ती म्हणजे टेकवायच्या आधी "किती झाले, मोठ्याने सांगा" असं विचारायचं. आता ते न चुकता विचारतात.

एकदा नेटवर्क गेलं, दुकानात पैसे पोचले नाहीत आणि खात्यातून मात्र वजा. चार दिवसांनी आपोआप परत आले. अशा वेळी पाच दिवसांत परत द्यायचे असा नियम आहे, पुढे रोजचे १०० रुपये बँकेने भरपाई द्यायची, त्यामुळे घाबरून लगेच पुन्हा पैसे भरू नका, आधी स्लिप मागा.

स्लिपचं एक सांगायचं राहिलं. नाना प्रत्येक स्लिप डायरीत चिकटवतात आणि परवा बघितलं तर पहिल्या दोन महिन्यांच्या स्लिपा चक्क कोऱ्या, त्या कागदाची छपाई उडूनच जाते. आता शेजारी पेनाने तारीख, दुकान, रक्कम लिहितात.

एका ठिकाणी "कार्डावर दोन टक्के जादा पडतील" म्हणाले. डेबिट कार्डावर गिऱ्हाइकाकडून असं घेता येत नाही आणि रुपे डेबिटवर तर २०२० पासून दुकानदारालाही शुल्क नाही. नानांनी हे तिथे शांतपणे सांगितलं, मग घेतले नाहीत.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मशीन असतंच कुठे! भाजीवाल्या मावशी, रिक्षा, इस्त्रीवाला, चहाची टपरी, सगळीकडे फक्त क्यूआर कोड. त्यांचीही चूक नाही, कोडचा कागद फुकटात मिळतो, मशीन घ्यायचं तर बहुतेक ठिकाणी भाडं लागतं. पण त्यामुळे ज्याला फोन जमत नाही तो माणूस पुन्हा दुसऱ्यावर अवलंबून राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रोख दिली तर सुट्टे नाहीत म्हणतात. म्हणून दर महिन्याला मी बँकेच्या काउंटरवरून दहा-वीसच्या नोटा मागून आणते, नाना त्या मोजून दोन पाकिटांत लावतात, एक भाजीचं, एक रिक्षाचं, आणि कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात, बटण लावून.