पायरोग्राफीचं मशीन उत्तम, पण पेनाची वायर आधी बदला

तापलेल्या पेनाने लाकडावर नक्षी जाळायची, ती पायरोग्राफी. त्यासाठी गणपतीच्या आधी घेतलेलं मशीन नाताळच्या ऑर्डरी ऐन भरात असताना बंद पडलं. पेनाला करंट देणाऱ्या, उष्णतेचं बटण असलेल्या डब्याला काही झालेलं नाही. गेली ती डब्यापासून पेनापर्यंतची वायर. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: पेन आणि वायर वॉरंटीत नाही, नवा पेन घ्या. आणि नव्या पेनाची किंमत मशीनच्या जवळपास निम्मी! संताप झाला.

माझं काम लेथवर कातलेल्या मण्यांचं: झुमके, लोलक आणि डिसेंबरात झाडाला टांगायचे गोल. आधी सोल्डरिंगसारखा, पितळी टोकांचा पेन वापरायचे. तो तापायला वेळ घेतो आणि बोटं टोकापासून लांब राहतात. या मशीनचा, वाकवलेल्या बारीक तारेच्या टोकाचा पेन काही सेकंदांत तयार होतो, केसासारखी रेघ येते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वायरीची. सपाट पाटीवर हात सरळ सरकतो, तिथे हे जाणवणार नाही. गोल मण्यावर डाव्या हातात मणी फिरतो आणि उजवं मनगट त्याच्याबरोबर वळावं लागतं. ताठ वायर नेमकी त्या क्षणी पेन मागे ओढते आणि नक्षीतल्या वेलीचं टोक तुटतं. पेन अगदी कमी व्होल्टवर चालतो, करंट भरपूर, म्हणून तांबं जाड हवं हे मान्य. पण जाड म्हणजे ताठ नव्हे. बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची वायर तेवढाच करंट नेते आणि दोरीसारखी पडून राहते. इथे दिलंय पीव्हीसी. पेनाच्या मानेशी ती रोज वाकते, आतल्या तारा एकेक करून तुटतात, मग उष्णता टोकात न होता मानेतच तयार होते. पकड चटका देते, टोक थंड. बटण वाढवलं की मान आणखी तापते.

हे मशीन कुणी घेऊ नये, असंच लिहिणार होते. मग गल्लीतल्या मोटार-रिवाइंडिंगवाल्या काकांनी तशी मऊ वायर लावून दिली, नव्या पेनाच्या पाव किमतीतही नाही. आता पूर्वीपेक्षा कमी आकड्यावर टोक लाल होतं. त्यामुळे मत बदललं: डबा खरोखर चांगला आहे.

पेनाच्या तयार टोकांची पाकिटं मात्र घेऊ नका. पुण्यात तपकीर गल्लीत नायक्रोमची, म्हणजे शेगडीच्या कॉइलसारखी तापणारी तार सुटी मिळते. पक्कडीने वाकवायची, छायेसाठी हातोडीने थोडी चपटी करायची. जाडी मूळ टोकाएवढीच ठेवा, नाहीतर बटणावरच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

लाकूड शिवण किंवा हेद. दोन्ही फिकट, रेषा बारीक, जळण एकसारखं. सागाच्या तेलकटपणाने धूर फार होतो आणि रंगावर काळा उठतही नाही. मण्याच्या दोन्ही टोकांशी लाकडाचे आडवे छेद येतात. तिथे त्याच तापमानाला डाग पसरतो, म्हणून बटण खाली आणा. मण्याभोवतीच्या काळ्या कड्यांसाठी तर पेन लागतच नाही. लेथवर बारीक खाच पाडायची आणि फिरत्या मण्यावर ताणलेली पोलादी तार दाबायची, घर्षणानेच कडं जळतं. तारेची टोकं लाकडी मुठींना बांधा, बोटांना कधीही गुंडाळू नका.

डोक्यावरचा पंखा बंद ठेवावा लागतो, बारीक टोक वाऱ्याने लगेच थंड होतं आणि छाया ठिपकेदार येते. धुरासाठी खिडकीत बाहेर फेकणारा पंखा लावला आहे. पॉलिश केलेल्या मण्यावर कधीच जाळू नका, आधी नक्षी, मग मेण. आणि खिडकीत टांगलेल्या गोलांवरची फिकट छाया उन्हाने उडाली आहे, गडद रेघा टिकल्या. म्हणून गिऱ्हाइकांना मी आता फक्त गडद नक्षी देते.

घ्यायचं असेल तर हेच मशीन घ्या, पण पेनाशिवाय नुसता डबा मिळतो का ते दुकानात आधी विचारा. मिळाला तर पेन वेगळा, मऊ वायरीचा घ्या. नाही मिळाला, तर वायर बदलायचा खर्च किमतीत धरूनच भाव करा.