पनामा कालवा: क्रूझ जहाजातून की छोट्या बोटीतून?

अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंतचा सुमारे 80 किलोमीटरचा अख्खा कालवा पाहायचा असेल तर क्रूझच घ्या. त्याला 8 ते 10 तास लागतात, म्हणजे दिवस डेकवरच जातो. गाटूनच्या तीन लॉकमधून (पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली नेणारे, दारं असलेले काँक्रीटचे हौद) जहाज सुमारे 26 मीटर वर चढतं आणि गाटून तळ्यात येतं. 1914 च्या जुन्या लॉकची रुंदी 33.5 मीटर आहे. 32 मीटर रुंदीचं जहाज आत शिरलं की दोन्ही बाजूंना जेमतेम पाऊण मीटर उरतो. खालच्या डेकच्या कठड्याशी उभं राहिलात तर काँक्रीटवरचं शेवाळ आणि जहाजाचे दोर धरून काठावरच्या रुळांवर चालणारी ‘म्युल’ इंजिनं अगदी जवळून दिसतात. मात्र 2016 च्या नव्या लॉकमध्ये म्युल नसतात, जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या टग बोटी असतात. म्हणून बुकिंग करतानाच जहाज कुठल्या लॉकमधून जाणार ते विचारा. ‘पार्शल ट्रान्झिट’ असेल तर जहाज तळ्यातूनच मागे फिरतं, हेही तपासा.

पनामा सिटीत मुक्काम असेल तर बोट उत्तम. कालव्यावरच्या गाम्बोआ गावाहून निघून कुलेब्रा खिंड आणि पेद्रो मिगेल व मिराफ्लोरेस ही लॉक पार करून ती 4 ते 5 तासांत पॅसिफिकला पोचते. उतरताना बोट सहसा मोठ्या जहाजाच्या पुढे उभी करतात, त्यामुळे पाणी ओसरताना भिंती उंच होत जातात आणि मागे मालवाहू जहाजाचं नाक डोक्यावर येतं. हा अनुभव क्रूझच्या दहाव्या मजल्यावर मिळत नाही.

लॉकची वेळ कालव्याचं प्रशासन ठरवतं, बोटवाला नाही. त्याच दिवशी संध्याकाळचं विमान धरू नका. मे ते डिसेंबर पावसाचे महिने, रेनकोट हवाच.