ओबोनची तिकिटं आणि २,६३,६८० रुपये

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शहाणपणा शिकवायला नको. मी बावळट नाही. जपानी भाषांतरं करून पोट भरते, कंपन्यांची इन्व्हॉइसं येनमधून रुपयांत तपासून देते, ओटीपी आजवर कुणाला सांगितलेला नाही. आणि तरीही २०२४ च्या जून महिन्यात एका तिकीट एजंटने मला २,६३,६८० रुपयांना गंडवलं. हे लिहायला मला सहा महिने लागले, कारण लाज वाटत होती. आता रागच जास्त आहे.

माझा नवरा जपानी, ओकायामाचा. पुणेकरांना ओकायामा म्हटलं की सिंहगड रोडवरची बाग आठवते, आमच्या घरी सासूबाई आठवतात. जपानी माणूस परदेशातून घरी जातो त्याला ते ‘सातोगाएरी’ म्हणतात. बायका माहेरी जातात त्यालाही हाच शब्द. त्यामुळे दर दोन वर्षांनी नवरा माहेरी निघतो असं मी चिडवते. पण या वेळी चेष्टेचा विषय नव्हता. जानेवारीत सासरे गेले आणि ऑगस्टमध्ये त्यांचा पहिला ओबोन, म्हणजे जपानी लोकांचा पितरांचा सण, होता. त्याला हात्सुबोन म्हणतात. घराबाहेर पांढरा कंदील लावतात, भटजी येतात, सगळे नातेवाईक जमतात. आपल्याकडच्या भरणी श्राद्धासारखं समजा. थोरल्या मुलाने चुकवायचं नसतं.

ओबोन म्हणजे १३ ते १६ ऑगस्ट, आणि त्या आठवड्यात अख्खा जपान गावी जातो. नववर्ष, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा गोल्डन वीक आणि ओबोन, या तीन वेळी जपानला जाणाऱ्यांनी भाव बघायचा तो फेब्रुवारीत. आम्ही सासऱ्यांच्या मागच्या कागदपत्रांत अडकलो आणि जून उजाडला. मुंबई-नारिता (टोकियोचा विमानतळ) थेट तिकीट माणशी ९५ हजारांच्या पुढे. भारतीय-जपानी कुटुंबांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ओळखीच्या बाईंनी या एजंटचा नंबर टाकला होता. मागच्या वर्षी त्यांची तिकिटं खरंच झाली होती, म्हणून विश्वास बसला. (मासा पकडणारा पण आधी पीठच टाकतो.)

त्याचा भाव ७१,५०० माणशी. तिघांचे २,१४,५००. बारा जूनला यूपीआयने एक लाख, कारण दिवसाची मर्यादा तेवढीच. तेराला एनईएफटीने १,१४,५००. खातं कुणा व्यक्तीच्या नावाचं, बचत खातं. विचारलं तर म्हणाला, “ताई, फर्मचं खातं ऑडिटला आहे.” हो, मला माहीत आहे. आता माहीत आहे.

पण मी आंधळेपणाने पैसे दिले नव्हते. त्याने पीएनआर दिला होता. तो विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघितला, तर आमची तिघांची नावं, आमचं विमान, ९ ऑगस्ट, सगळं बरोबर. अजून काय बघायचं माणसाने? तर ऐका काय बघायचं. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. जागा धरून ठेवायला एजंटला दमडी भरावी लागत नाही, मुदत संपली की बुकिंग आपोआप गळून पडतं. तिकीट निघालं की तेरा आकडी नंबर मिळतो आणि त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. २०५ आणि १३१ हे दोन मोठ्या जपानी कंपन्यांचे, ०९८ एअर इंडियाचा. माझ्या पीडीएफवर नंबर होता, पण दहा आकडी. मी मोजले नाहीत. तिकिटावरचे आकडे मोजत कोण बसतं?

तरी तिकिटाचं मी स्वतःला माफ केलंय. जे माफ होत नाही ते पुढचं आहे.

सोळा तारखेला त्याचा फोन. “ताई, रेल्वे पास पण देऊ का? तिघांचा मिळून ४८ हजारात.” जपान रेल पास म्हणजे ठरलेले दिवस जपानभर रेल्वेने फिरायचा पास. त्याचा भाव ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढला. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांवरून एकदम ५०,०००. दोन मोठे आणि एक लहान मूल धरलं तर सव्वा लाख येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने ६६ हजार रुपये. मी म्हटलं, “अहो, पण यांना पास मिळत नाही.” पास हा पाहुण्यांसाठी असतो. पासपोर्टवर तात्पुरत्या पाहुण्याचा शिक्का बघून मगच तो हातात देतात. जपानी पासपोर्टवाल्याला हवा असेल तर सलग दहा वर्षं परदेशात राहिल्याचा कागद लागतो. माझा नवरा २०१६ पासून पुण्यात, म्हणजे आठ वर्षं. हे मला तोंडपाठ आहे, चार जणांना मी स्वतः समजावलंय. आणि तो काय म्हणाला? “ताई, जपानी पासपोर्ट असला तरी चालतो. आम्ही तिकडून ॲडजस्ट करून देतो.”

इथे. इथे फोन ठेवायला हवा होता. ज्या एकाच विषयातलं मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, त्यात तो माझ्याशी तोंडावर खोटं बोलला. आणि मी काय केलं? मनात म्हटलं, बिचाऱ्याला नियम माहीत नसेल. खोटेपणाला अज्ञान समजले, कारण १८ हजार वाचत होते. अठरा तारखेला ४८,००० आणि वर सर्व्हिस चार्ज ११८०, असे ४९,१८० पाठवले. जीएसटीसकट! चोराला जीएसटी भरणारी मीच असेन.

त्याहून कडू गोष्ट नंतर कागदावर हिशेब केल्यावर कळली. टोकियो-ओकायामा शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) जाऊन-येऊन भाडं साधारण ३५ हजार येन. आमच्या प्रवासाला ५० हजारांचा पास परवडतच नव्हता. आणि पासवर नोझोमीत, म्हणजे त्या मार्गावरच्या सगळ्यात वेगवान गाडीत, बसायचं तर वर वेगळे पैसे. भाववाढीनंतर पास डोळे झाकून घेण्याचे दिवस गेले, आधी बेरीज करा.

बावीस जुलैला मुलीची सीट निवडायला साइट उघडली, तर बुकिंग सापडेना. एजंट म्हणाला सिस्टीम अपडेट होतेय. दुसऱ्या दिवशी म्हणाला शेड्यूल बदललंय. तिसऱ्या दिवशी फोन बंद. विमान कंपनीच्या मुलीने चाळीस मिनिटं ताटकळत ठेवून गोड आवाजात सांगितलं की या बुकिंगवर तिकीट कधी निघालंच नाही, ते १७ जूनलाच रद्द झालंय. सतरा जून. त्याने माझ्याकडून ४९,१८० घेतले अठराला.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. तुम्ही माझ्यासारखे थांबू नका, पहिल्या तासात करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मग पोलीस ठाणं. तिथे म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले रक्कम बघता तुमच्या ठाण्यातच होईल. परत ठाणं. खातं दुसऱ्या राज्यातलं, आमची हद्द नाही. मी म्हटलं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द नसली तरी गुन्हा नोंदवता येतो. साहेब म्हणाले, “मॅडम, कायदा १ जुलैला आलाय, आम्हाला तरी वाचू द्या.” दुसरे एक जण चहा पीत म्हणाले, “मिस्टर जपानी ना? मग दोन-अडीच लाखांचं काय एवढं?” नवरा शेजारीच बसला होता. त्याला मराठी येतं.

बँकेत वेगळा तमाशा. अनधिकृत व्यवहार असेल तर ग्राहकाची जबाबदारी मर्यादित असते हा रिझर्व्ह बँकेचा नियम, पण पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना, मग तो नियम तुम्हाला नाही. बरं, निदान समोरच्या खात्याची माहिती द्या. ती फक्त पोलिसांना. पोलीस म्हणतात बँकेचं पत्र आणा. बँक म्हणते एफआयआर आणा. सही-शिक्क्याचं स्टेटमेंट हवं तर १०० रुपये फी आणि मॅनेजर रजेवर. पाच चकरा, तीन अर्ज. त्यातला एक अर्ज ‘मराठीत आहे’ म्हणून बँकेने परत केला, आणि पोलिसांनी एक ‘इंग्रजीत आहे’ म्हणून. एफआयआर झाला २९ ऑगस्टला. ओबोन होऊन गेला होता.

नवरा एकटा गेला. बँकॉकमार्गे ओसाकाच्या कानसाई विमानतळावर, १,०४,२०० रुपये, कंपनीच्याच साइटवरून क्रेडिट कार्डाने. (कार्डाने भरलं तर निदान वाद घालता येतो. यूपीआयने गेले ते गेले.) ओकायामा, हिरोशिमाकडे जाणाऱ्यांनी नारिताचा हट्ट धरूच नये. शिन-ओसाकाहून ओकायामा पाऊण तास. सोळा ऑगस्टला वादळामुळे टोकियो-नागोया शिंकान्सेन दिवसभर बंद होती, आमची परतीची ‘तिकिटं’ नेमकी सतराची नारिताहून होती. आईने हे ऐकून “बघ, देवच पाठीशी” म्हटलं. कृपा करून हे मला कुणी ऐकवू नका.

सासूबाईंना आम्ही सांगितलं की मुलीला ताप आलाय. नवऱ्याने फोनवर तीनदा माफी मागितली. कंदिलाचा फोटो आला, तो मी अजून नीट बघितलेला नाही.

त्या ग्रुपवर एजंटचा नंबर काढा म्हणून लिहिलं, तर ज्यांनी तो टाकला होता त्या बाई म्हणाल्या, “माझं तर काम झालं होतं.” झालं असेल ना! तुमच्या तिकिटाने माझा गळा कापला. कुणाचं काम झालं हा पुरावा नव्हे. स्वतः कंपनीला फोन करून “तिकीट नंबर सांगा” म्हणा आणि तो ऐकल्यावरच उरलेले पैसे द्या.

डिसेंबरमध्ये कळलं की त्या खात्यात ६,४१२ रुपये गोठवले आहेत आणि ते माझ्या वाट्याचे आहेत. सोडवून घ्यायला कोर्टाचा आदेश लागतो. वकिलाला विचारलं. फी ८,००० सांगितली.