सुपरचार्ज्ड इंजिन, नागपूरचा उन्हाळा आणि 'थंड' प्लगचा हट्ट: आठ महिन्यांनंतर

माझ्याकडे २००८ सालची मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर आहे. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, १७९६ सीसीचे असून पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) आणि त्याची पुली (पट्ट्याचे चाक) दोन्ही मूळचेच आहेत. पुली मूळची आहे हे मुद्दाम सांगतो, कारण ऑक्टोबरमध्ये स्पार्क प्लग (ठिणगी पाडून पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटवणारे) बदलताना मी नेमके हेच विसरलो. सुपरचार्जर आहे आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा प्लग थंडच हवा, असा सल्ला मिळाला आणि मी एनजीके कंपनीचे, मूळ प्लगपेक्षा दोन पायऱ्या थंड प्लग बसवून घेतले.

प्लग थंड म्हणजे त्याच्या चिनी मातीच्या नाकाचा भाग आखूड असतो आणि टोकाची उष्णता लवकर सिलिंडर हेडकडे निघून जाते. हे टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर राहिले, तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. ८०० अंशांच्या पुढे गेले, तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. मी टोक जास्त तापण्याची इतकी धास्ती घेतली की ते पुरेसे न तापण्याचा धोका ध्यानातच आला नाही. डिसेंबरमध्ये धरमपेठ ते सीताबर्डी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापायचे नाही आणि सकाळी गाडी मिसिंग मारायची (मधूनच एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटायचेच नाही). प्लग काढले, तेव्हा चारही तव्याच्या बुडासारखे काळे आणि कोरडे होते. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटते, म्हणून हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नव्हते.

मूळ तापमान श्रेणीचे (प्लग किती थंड किंवा गरम, ते सांगणाऱ्या आकड्याचे) प्लग आणायला गेलो, तर दुकानात ते नव्हते आणि दुकानदाराने 'आकडा तोच आहे' म्हणून बॉशचे खोके पुढे केले. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये मात्र आकडा वाढला की गरम. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून जुळवू नयेत. इंजिनच्या क्रमांकावरून कंपनीच्या तक्त्यातच पाहावे. मी चार दिवस थांबून तक्त्याप्रमाणे इरिडियम धातूच्या टोकाचे प्लग मागवले.

तरीही अमरावती रोडवर ट्रकला मागे टाकताना, सुपरचार्जरचा दाब वाढला की, गाडी एकदा-दोनदा अडखळली. पुन्हा प्लग काढून फट (ठिणगी उडते ती दोन इलेक्ट्रोडमधली जागा) मोजली, तर दोन प्लगांची ०.८ मिमी आणि दोघांची १ मिमीच्या आसपास निघाली. सुपरचार्जरने दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते, फट रुंद असेल तर आणखी जास्त. ते व्होल्टेज देणाऱ्या जुन्या इग्निशन कॉइलला ते झेपत नाही. चारही फटी ०.८ वर आणल्या (हा माझ्या गाडीचा आकडा, तुमचा हँडबुकात पाहा) आणि अडखळणे थांबले. फट कमी करताना फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवावा. इरिडियमचे टोक ०.६ मिमी किंवा त्याहूनही बारीक असते, त्यावर गेज (फट मोजायचे साधन) घासला तर ते तुटते. प्लग थंड इंजिनमध्येच, आधी हाताने फिरवून आणि मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने) बसवले. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे खराब झाले, तर प्लगच्या कितीतरी पट खर्च येतो.

मे महिन्यात भर दुपारी एसी लावून बुटीबोरीपर्यंत आणि नंतर समृद्धी महामार्गावर ताशी १२० किमीने सलग गाडी चालवली. नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटल्याचा खटखट) आवाज आला नाही. घरी आल्यावर प्लग काढून पाहिले, तर नाकावर चहाबिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग होता. जास्त तापल्याचा पांढरेपणा नव्हता, वितळल्याचे ठिपकेही नव्हते. त्या ४५ अंशांच्या भीतीला माझ्यापुरते उत्तर मिळाले. सुपरचार्जरचा विचार कंपनीने मूळ प्लग निवडतानाच केलेला असतो. लहान पुली बसवून दाब वाढवला, तर एक पायरी थंड प्लग घेण्याला अर्थ आहे. तोही ट्यूनिंग करणाऱ्याला विचारून.

आता जूनमध्ये एवढेच शिल्लक आहे, की चौथ्या प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल छिद्रात) थोडे तेल दिसले. तो दोष प्लगचा नाही, वरच्या कव्हरच्या गॅस्केटचा आहे. ते मागवले आहे.