जुन्या प्रवास-साप्ताहिकांतली शहरदृश्यं: काही महिने भिंतीवर राहिल्यावर

एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र प्रवास-साप्ताहिकांतून सुटी केलेली शहरदृश्यं घ्यावीत का? माझं उत्तर हो आहे, पण अगदी जवळ उभं राहून बघता येतील अशा जागी लावणार असाल तरच. माझ्याकडची बहुतेक पानं ‘ल तूर द्यू मोंद’ची आहेत, म्हणजे एदुआर शार्तों यांनी 1860 मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाची. चार हातांवरून ही चित्रं नुसती करडी दिसतात. टेबलाशेजारी डोळ्यांच्या उंचीवर लावली की त्यांत शिरता येतं.

सगळ्यात जास्त वेळ माझा आकाशात जातो. तिथे शेकडो समांतर रेघा असतात. त्या दाट झाल्या की ढग, विरळ झाल्या की ऊन. ही चित्रं लाकडी ठशांवरून छापलेली. लाकडाचा खोदलेला भाग कागदावर पांढरा राहतो आणि न खोदलेल्या भागाला शाई लागते, त्यामुळे हा सगळा उजेड कुणीतरी हाताने कोरून काढलेला आहे. ठसा बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरायचे. या झाडाचं खोड बारीक, म्हणून मोठ्या दृश्यासाठी अनेक तुकडे जोडावे लागत. एका बंदराच्या चित्रात तो सांधा बारीक पांढऱ्या रेघेसारखा शिडांमधून खाली उतरतो. मला तो फार आवडतो.

बऱ्याच चित्रांखाली ‘छायाचित्रावरून’ अशी फ्रेंच नोंद असते. एमिल थेरों यांच्यासारखे चित्रकार इमारती नेमक्या उतरवत. रस्त्यावरची माणसं, घोडे, बोटी मात्र पुष्कळदा चित्रकाराच्या पदरच्या असत, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्यात हलणारं काही नीट उमटत नसे. म्हणून शहराचा पुरावा म्हणून घुमट बघावा, गर्दी नाही.

त्रास मागच्या मजकुराचा होतो. हे ठसे अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापले जात, त्यामुळे पाठीमागे बहुधा लेख असतो आणि फिकट आकाशातून तो डोकावतो. मागे पांढऱ्याऐवजी काळा अॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) कागद लावून घेतल्यावर ते बरंच कमी झालं. एका विक्रेत्याकडून आलेल्या पानावर चिकटपट्टीचा पिवळा डाग होता, तो निघत नाही. मागणी करण्याआधी पाठीचा फोटो मागाच. पाठ कोरी असेल तर भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरची नक्कल. अस्सल रेघ सलग आणि धारदार असते.

रंगवलेली पानं मी घेत नाही. रंग सहसा पुढे कुणीतरी विक्रीसाठी भरलेले असतात आणि त्यांखाली रेघांची नजाकत बुजते. सरळ ऊन पडतं त्या भिंतीवर मात्र कुठलंच पान लावू नका, हा कागद लवकर तपकिरी पडतो. आणि लेखाची सगळी पानं एकत्र मिळत असतील तर सुट्या चित्रापेक्षा तीच घ्या. प्रवासी त्या शहरात कुठून आला आणि कुठे उभा होता, ते त्या मजकुरातच सापडतं.