साईटवरचा रेडिओ: टूलवाला, ट्रान्झिस्टर की ब्लूटूथ?

दुसऱ्या मजल्यावरून पडलेला रेडिओ काळी टेप गुंडाळून वर्षभर चालल्याचं कुठल्याही गवंड्याला नवल वाटत नाही. रेडिओ मरतो तो धुळीने. सिमेंटची भुकटी ओली झाली की अल्कधर्मी होते आणि सेलच्या पत्र्या, स्प्रिंगा खाते. आवाजाच्या खुंटीत धूळ शिरली की खुंटी फिरवताना खरखर होते. चार्जिंगच्या भोकात गिलाव्याचा शिंतोडा उडाला की पिन बसतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे सळई कापताना उडणारा ग्राइंडरचा लोखंडी चुरा. स्पीकरमागचा लोहचुंबक तो स्वतःहून ओढून घेतो, चुरा कॉइलच्या बारीक फटीत अडकतो आणि आवाज फाटतो. तो पुन्हा साफ होत नाही, स्पीकरच बदलावा लागतो.

म्हणून ‘मजबूत’ हा शब्द खोक्यावर वाचून उपयोग नाही. धूळ आत कुठून शिरेल, बॅटरी कुठली लागेल आणि बिघडल्यावर गावात दुरुस्त होईल का, या तीन प्रश्नांवर निवड होते.

बाजारात मुख्य प्रकार तीन. बॉश, माकिता, डीवॉल्ट अशा कंपन्यांचा ड्रिलच्याच बॅटरीवर चालणारा साईट रेडिओ, म्हणजेच टूलवाला. सेलवर किंवा विजेवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर. आणि ब्लूटूथ स्पीकर. चौथा प्रकार म्हणजे रिकाम्या बादलीत ठेवलेला मोबाईल. बादलीने आवाज थोडा मोठा होतो हे खरं, पण ती दुपारनंतर कुणाला तरी पाण्याला लागतेच.

| | टूलवाला | ट्रान्झिस्टर | ब्लूटूथ स्पीकर |
|---|---|---|---|
| मध्यम लहर | मॉडेलप्रमाणे, तपासून घ्या | बहुतेकांत असते | नसते |
| एफएम | असतो | असतो | स्वस्तात असतो, नामांकितांत बहुधा नाही |
| वीज | टूलची बॅटरी | सेल किंवा २३० व्होल्ट | आतली बॅटरी |
| पडणं | रबरी कोपरे, पिंजरा | अँटेना आधी जाते | बऱ्यापैकी सोसतो |
| गावात दुरुस्ती | अवघड | सोपी | जवळपास नाहीच |

आधी स्टेशन ठरवा

हा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही, आणि फसगत इथेच होते. आकाशवाणी सांगलीची ओळख मध्यम लहरीवरच्या १२५१ किलोहर्ट्झची. साताऱ्याचं केंद्र एफएमवर १०३.१ मेगाहर्ट्झला, कोल्हापूर १०२.७ ला. त्यामुळे सातारा शहरात नुसता एफएमचा रेडिओ चालून जाईल. पण तासगाव, कवठे महांकाळकडच्या साईटवर सांगली केंद्र ऐकायचं असेल, तर संचावर ‘एएम’ किंवा ‘एमडब्ल्यू’ लिहिलेलं हवं.

युरोपसाठी बनवलेल्या कित्येक साईट रेडिओंत एफएमच्या जोडीला ‘डॅब’ (तिकडची डिजिटल रेडिओची पद्धत) असतं आणि मध्यम लहर नसते. आपल्याकडे डॅबचं प्रक्षेपण नाही. आकाशवाणीने डिजिटलसाठी डीआरएम ही वेगळी पद्धत धरली. म्हणजे डॅबचे पैसे वाया.

अमेरिकेहून भाऊ किंवा मेहुणा घेऊन येणार असेल तर आणखी एक मेख आहे. तिथली मध्यम लहर १० किलोहर्ट्झच्या टप्प्याने चालते, आपली ९ च्या. १२५१ हा ९ च्या पाढ्यात बसतो (१३९ गुणिले ९), १० च्या नाही. तिथला डिजिटल रेडिओ १२५० वर थांबतो, मग १२६० वर जातो. काही संचांत हा टप्पा बदलायची सोय असते, ती सापडली तर ठीक. काटा फिरवायच्या जुन्या पद्धतीच्या रेडिओला ही अडचण नाही. आणि तिथला १२० व्होल्टचा चार्जर आपल्या २३० च्या सॉकेटला लावला की धूर निघतो, त्याला वॉरंटी नसते.

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगराआडची साईट असली, मग ती पाटणच्या खोऱ्यातली असो की वाईच्या वरच्या बाजूची, की नुसती सूं सूं ऐकू येते. मध्यम लहर जमिनीला धरून डोंगर वळसा घालून येते, पण तिचे दोन वैरी साईटवरच असतात. एक म्हणजे स्लॅबमधली सळईची जाळी. १२५१ किलोहर्ट्झची लहर सुमारे २४० मीटर लांब असते; तिला ती जाळी म्हणजे पत्र्याची भिंतच. स्लॅबखाली आत ठेवलेला रेडिओ मुका होतो आणि खिडकीच्या चौकटीत टांगला की बोलायला लागतो. दुसरा वैरी म्हणजे ठिणगी उडवणाऱ्या मोटरी: ग्राइंडर, ड्रिल, विजेवरचा व्हायब्रेटर. मोबाईल आणि टूलच्या बॅटरीचे चार्जरही गुणगुणतात. रेडिओ चार्जरशेजारून तीन-चार मीटर लांब ठेवा, अर्धी खरखर तिथेच जाते.

बॅटरीचा हिशेब

टूलवाला रेडिओ कोणी घ्यावा? ज्याच्याकडे त्याच कंपनीच्या निदान दोन बॅटऱ्या आधीच आहेत त्याने. फॅब्रिकेशनवाले, पीओपीवाले, मॉड्युलर किचनवाले यांच्याकडे त्या असतात. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास. रेडिओने सरासरी ३ वॉट ओढले तर कागदावर ३० तास, म्हणजे तीन दिवसांचं काम. ब्लूटूथ जोरात लावलं तर हा आकडा झपाट्याने उतरतो.

खोका घेताना ‘बॉडी ओन्ली’ किंवा ‘सोलो’ हे शब्द शोधा. त्यात बॅटरी नसते, चार्जरही नसतो. बॅटरी नसताना असा रेडिओ घेतला तर बॅटरी आणि चार्जर मिळून रेडिओइतकेच पैसे पुन्हा मोजावे लागतात. बहुतेक रेडिओ बॅटरी वापरतात, चार्ज करत नाहीत. चार्ज करणारी मॉडेलं वेगळी असतात.

बॅटरीची जात जुळायला हवी. बॉशची निळी आणि हिरवी १८ व्होल्टची बॅटरी एकमेकींत बसत नाही. माकिताची १८ आणि ४० व्होल्टची वेगळी. डीवॉल्टची अमेरिकेतली ‘२० व्होल्ट मॅक्स’ मात्र इथल्या १८ व्होल्टचीच बहीण आहे, फक्त आकडा पूर्ण चार्ज असतानाचा छापलेला.

उन्हात तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही, दिवा लुकलुकवत बसतो. एप्रिल-मेमध्ये जत, आटपाडी, माणच्या साईटवर हे रोजचं आहे. चार्जर बिघडला असं समजून लोक तो दुकानात घेऊन जातात. बॅटरी तासभर सावलीत ठेवली की काम होतं.

आयपीचा आकडा कसा वाचायचा

आयपी म्हणजे संच धूळ-पाण्याला किती टिकतो ते सांगणारी खूण; तिच्या पुढे दोन अंक असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे थोडी धूळ शिरेल पण संच बिघडणार नाही, आणि शिंतोडे चालतील. आयपी ६५ म्हणजे धूळबंद, वर पाण्याच्या फवाऱ्यालाही टिकेल. ‘आयपीएक्स ७’ असं दिसलं तर थांबा: मीटरभर पाण्यात अर्धा तास चालेल, पण एक्स म्हणजे धुळीची परीक्षाच घेतलेली नाही. पोहण्याच्या तलावासाठी तो उत्तम, एएसी ब्लॉक (सिमेंटची हलकी मोठी वीट) कापणाऱ्याच्या बाजूला नाही.

खटाव-माणच्या कोरड्या भागात पहिला अंक बघा. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्यात पावसाळ्यात काम चालू राहणार असेल तर दुसरा. आणि हा आकडा झाकण बंद असतानाचा असतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच तुटलं की ६५ चं काही उरत नाही. ब्लूटूथ स्पीकर बहुधा इथेच संपतो, कारण रोज ते बूच उघडावंच लागतं, तेही सिमेंटच्या हातांनी. बुचाच्या कडेवर वाळूचा एक कण राहिला तरी ते नीट बसत नाही. शिवाय आतली बॅटरी काही वर्षांनी थकते आणि संच न फोडता ती निघत नाही.

स्वस्त ब्लूटूथ स्पीकरमधला एफएम बऱ्याचदा चार्जिंगच्या वायरलाच अँटेना मानतो. वायर काढली की स्टेशन गेलं. महागड्यात एफएमच नसल्याने आकाशवाणी ऐकायची तर मोबाईलवर न्यूजऑनएअर अॅप लावावं लागतं. म्हणजे कुणाचा तरी डेटा आणि कुणाचा तरी फोन दिवसभर अडकला. मुकादमाचा फोन असेल तर दर पाच मिनिटांनी गाणं थांबून वाळूवाल्याचा आवाज सगळ्या साईटला ऐकू येतो.

ट्रान्झिस्टर घ्यायचाच तर

एका टूलवाल्या रेडिओच्या पैशांत चांगले चार-पाच ट्रान्झिस्टर येतात. दोन-तीन गवंडी, चार बिगारी अशा घरबांधणीच्या साईटला हाच बरा, पण तो तसाच्या तसा वापरायचा नाही.

पुढच्या जाळीवर आतून पातळ मलमलचं किंवा जुन्या साडीचं एकेरी कापड चिकटवा. आवाज किंचित दबतो, पण लोखंडी चुरा अडतो. संचाला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणारे बरेच असतात. उन्हात आत घाम धरतो आणि आतल्या सर्किटच्या पट्टीवरचे सांधे हिरवे पडतात. त्यापेक्षा झाकणाचा डबा बरा, रात्री ठेवायला. शनिवारी बाजारादिवशी काम सुटताना सेल काढा. साधे सेल गळतात, आणि गळलेलं पाणी पत्री खाऊन जातं. पत्रीवर हिरवा-पांढरा थर दिसला तर लिंबाचा रस लावलेल्या कापडाने पुसा, मग कोरड्या कापडाने, आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर.

अँटेना बुडाशी तुटते. नवी एका स्क्रूवर बसते. तोवर ७५ सेंटिमीटर वायर त्या स्क्रूला गुंडाळून सरळ वर टांगा; १०० मेगाहर्ट्झच्या आसपास पाव लहर तेवढीच भरते, म्हणून एफएम जवळजवळ पूर्वीसारखा लागतो. मध्यम लहरीला मात्र ही अँटेना लागतच नाही. तिच्यासाठी आत फेराइटची काळी कांडी असते आणि ती काचेसारखी ठिसूळ. पडल्यावर एफएम लागतो पण सांगली केंद्र गेलं, तर कांडी तुटली किंवा तिच्यावरची केसासारखी तार सुटली असं समजा. रेडिओ दुरुस्तीवाल्याला एवढं सांगितलं की तो बाकीचं उघडत बसत नाही. कांडी आडवी असते, तेव्हा स्टेशन अंधुक असेल तर संच जागच्या जागी पाव वळसा फिरवून बघा.

आवाज किती हवा

खोक्यावरचे ‘पीएमपीओ’चे हजार वॅट विसरा, तो आकडा कामाचा नाही. मिक्सरवर मात करायला आवाज वाढवणं हा चुकीचा रस्ता. रेडिओ काम करणाऱ्यापासून दोन-तीन मीटरवर ठेवला तर लहान स्पीकरही पुरतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज कानाला घातक आहे. स्लॅब ओतताना, हॉईस्ट किंवा क्रेन चालू असताना रेडिओ बंदच हवा, कारण ‘थांब’ ही हाक ऐकू यायला हवी. कानात ईअरफोन घालून पहाडावर, म्हणजे परांचीवर, चढणाऱ्याला खाली उतरवा.

टूलवाला रेडिओ सातारा-सांगलीत बहुधा मागवावाच लागतो, त्यामुळे आधी लावून बघता येत नाही. मग मागवण्याआधी शेजाऱ्याचा कुठलाही साधा ट्रान्झिस्टर एक दिवस साईटवर न्या. तळमजल्यावर, खिडकीत आणि गच्चीवर, तिन्ही ठिकाणी हवं ते स्टेशन लागतं का बघा. खिडकीतही सांगली केंद्र लागत नसेल, तर मध्यम लहर असलेल्या महागड्या मॉडेलसाठी जादा पैसे घालू नका. एफएमचाच घ्या आणि उरलेल्या पैशांत दुसरी बॅटरी.